बुरूड आळीची किल्ली

येसबानं पहिली हाक मारली तेव्हा मी पिंडांच्या भातात तीळ कालवत होते.

"सायेब! अवो सायेब! किल्ली द्या, आळीला आग लागलीया!"

हाक मागच्या अंगणातून आली. माजघरात मामंजींचं श्राद्ध चाललेलं. ब्राह्मण जेवून, हात धुऊन पुन्हा पाटांवर बसले होते. हे दक्षिणेकडे तोंड करून, डावा गुडघा टेकून, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन दर्भावर पाणी सोडत होते. समोर सखारामभटजी. भिंतीला टेकून सासूबाई बसलेल्या, हातात माळ, आणि लक्ष सगळं मुलाच्या हातांकडे, कुठे काही चुकतंय का ते बघायला.

यांनी मान वर केली. क्षणभर दाराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि आता या वयात घ्यायला गेले तर जीभ अडखळेल, म्हणून मी आपली 'हे'च म्हणणार. गाव त्यांना खडकीकरसाहेब म्हणायचं. देवसर म्युनिसिपालटीचे ते हेल्थ ऑफिसर. पहिली जर्मन लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट सांगते आहे. तेव्हा देवसरात भादवा लागला की घरटी एक माणूस हिवतापानं अंथरुणाला खिळायचं, आणि लहान पोरं तर पटापट जायची. हे मुंबईला शिकून आले होते. डास विहिरींत वाढतात, डासांनी ताप पसरतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. आल्या आल्या त्यांनी गावातल्या विहिरी पत्र्यानं झाकायचा सपाटाच लावला. नळ नुकते आले होते, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ पाणी यायचं. एवढं पाणी माणसाला पुरे, असं यांचं म्हणणं.

गाव खवळलं. विहीर म्हणजे काय नुसतं पाणी? बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीची ओटी भरते, हळदकुंकू वाहते, मगच तिचं बाळंतपण सुटतं. "विहीर झाकलीत तर आमच्या सुनांनी पूजा कशाची करायची, नळाच्या तोटीची?" असं एका आजीबाईंनी यांना भर रस्त्यात विचारलं. हे निरुत्तर झाले. लग्नानंतर मी यांना निरुत्तर झालेलं तेव्हाच प्रथम पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग यांनी प्रत्येक झाकणाला एक झडप करवून घेतली आणि तिला भक्कम कुलूप घातलं. किल्ल्या ठेवल्या कचेरीत. पण ओली बाळंतीण तान्हं मूल घेऊन कारकुनांच्या पुढ्यात कशी जाणार? म्हणून किल्ल्या आमच्या घरी आल्या. मागच्या पडवीत, दाराशेजारी, खुंट्यांची एक रांग. एकेका खुंटीवर एकेका आळीच्या विहिरीची किल्ली, तिला ओळखीसाठी लाकडी चकती. ही युक्ती यांच्याच डोक्यातली आणि तिचं यांना भारी कौतुक. आलेल्या पाहुण्याला आधी पडवी दाखवायचे.

बायका यायच्या. तेली आळीतल्या, सोनार आळीतल्या, कुणी दारात उभ्या राहून मागायच्या, कुणी आत येऊन चहाही घ्यायच्या. बाळ पायांवर घेऊन मी दृष्ट काढायची आणि किल्ली द्यायची. पण एकदा कुणीतरी किल्ली नेली ती चार दिवस परत दिलीच नाही, झडप सताड उघडी, सगळी आळी आपली पोहऱ्यांनी पाणी काढते आहे. तेव्हापासून यांनी मला बजावून ठेवलं होतं, "मला विचारल्याशिवाय किल्ली कुणालाही द्यायची नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही." मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी तेव्हा फार तरबेज होते.

तर तो दिवस.

येसबा मोरे म्हणजे म्युनिसिपालटीच्या आगीच्या बंबावरचा नाईक. जातीनं बुरूड, राहायलाही बुरूड आळीतच. बंब बैल ओढायचे, आणि आगीच्या जागी पोचलं की जवळच्या विहिरीत नळी सोडून माणसं दांडा हापसायची. दुपारची वेळ, नळ कोरडे. बुरूड आळीतली विहीर उघडल्याशिवाय बंब म्हणजे नुसतं लोखंडाचं धूड. आणि आळी कसली? सुपं, टोपल्या, तट्टे, दारोदारी वाळत घातलेल्या कामट्या. ठिणगी पडायचा अवकाश.

"सायेब! किल्ली!" येसबाची दुसरी हाक आली. आवाज फुटलेला होता. धावत आलेला माणूस तो, छाती भात्यासारखी हलत असणार. तो दाराबाहेरच उभा होता. श्राद्धाच्या घरात सोवळं चाललेलं, तो आत पाऊल टाकणं शक्य नव्हतं, आणि त्याच्या ते मनातही आलं नसेल. खुंट्या त्याच्यापासून हातभर अंतरावर होत्या, पण उंबऱ्याच्या आत.

सखारामभटजी थांबले. मंत्र अर्धा तोंडात. खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, उठायचं असेल तर उठा. आपद्धर्म आहे. हातपाय धुऊन पुन्हा बसू, मी सांगतो ना."

"पिंड व्हायचेत," सासूबाई म्हणाल्या. एवढंच.

मी हातातला भात तसाच ठेवला आणि उठले. पडवीकडे दोन पावलं गेले असेन.

"सूनबाई, सोवळ्यात आहेस."

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. शब्द नाही तर डोळ्यांची खूण. यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही म्हणून. मग बोटानं दाखवलं की थोडंच उरलंय. आणि भटजींना म्हणाले, "चालू द्या."

मी परत येऊन बसले. भाताचे गोळे पुढे सरकवले. बापाचा पिंड झाला, आजोबांचा झाला. बाहेर तिसरी हाक आली, तिच्यात शब्द असे नव्हतेच. आता वासही येऊ लागला होता, आणि दूरवर बांबूच्या गाठी फुटल्याचे आवाज, दिवाळीत पोरं लवंगी उडवतात तसे. पणजोबांचाही पिंड ठेवला त्यांनी व्यवस्थित, दर्भाच्या मधोमध. नमस्कार केला. मग उठले, बोटातलं दर्भाचं पवित्रक काढलं, पडवीत जाऊन किल्ली काढली आणि उंबऱ्याच्या आतूनच अंगणात टाकली.

येसबानं ती हवेतच झेलली आणि धूम ठोकली.

आग विझली ती संध्याकाळी. सहा घरं गेली. माणसं बहुतेक बाहेर पडली होती. राहिली ती एक मुलगी, हौसा, येसबाच्या बहिणीची लेक. बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला आजी बाहेर उन्हात घेऊन बसली होती म्हणून ते वाचलं. हौसा आत बाजेवर होती, पुढच्या दाराशी रचलेले तट्टे पेटले आणि तिला वाट राहिली नाही. विहीर घराला लागून. झडप उघडून नळी सोडली तेव्हा आढं खाली आलेलं होतं.

तिची आई, रखमा तिचं नाव, चारच दिवसांपूर्वी माझ्याकडे येऊन गेली होती. "येत्या सोमवारी लेकीचा सव्वा म्हैना भरतोय, किल्ली लागंल बाईसाब." मी म्हटलं होतं, साहेबांना विचारून ठेवते.

चौकशी आमच्याच ओसरीवर झाली. तात्यासाहेब वडनेरकर वकील तेव्हा म्युनिसिपालटीचे अध्यक्ष, यांना फार मानणारे. साहेबांना कचेरीत बोलावून प्रश्न विचारायचे म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून तेच घरी आले. मी चहा पाठवून दाराआड उभी राहिले.

"येसबा, किल्ली मागायला तू कधी आलास?"

"आगीचा लोळ दिसला तसा पळत आलो जी. तीन हाका मारल्या."

"मग विहीर उघडायला इतका वेळ का लागला?"

येसबा खाली बघत म्हणाला, "त्ये सायबांस्नीच इचारा जी. सायेब पिंडाला बसलं हुतं."

तात्यासाहेब घुटमळले. येसबासारख्या माणसासमोर असला प्रश्न विचारायचा त्यांना संकोच वाटत होता, हे आवाजावरून कळत होतं. "काय हो खडकीकर, असं झालं का काही?"

मला वाटलं, आता सांगतील. खोटं बोलणारा माणूस नव्हता हो तो. बाजारातून आणलेल्या भाजीचा भावसुद्धा मला कधी कमी करून सांगितला नाही त्यांनी.

"मी श्राद्धाला बसलो होतो, हे खरं," हे म्हणाले. "उठलो, आणि उठल्याबरोबर किल्ली दिली."

"म्हणजे मागितली तशी दिलीत."

कपबशी बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "हो."

येसबानं यांच्याकडे पाहिलं असेल. मला दिसलं नाही. मला फक्त त्याचं खाकरणं ऐकू आलं आणि पागोटं झटकल्याचा आवाज.

मला कुणी काही विचारलं नाही. सखारामभटजींनाही विचारलं नाही. भटजी मात्र गावभर सांगत सुटले, खडकीकरांचं श्राद्ध म्हणजे काय श्राद्ध, विहिरी झाकतो म्हणून बाटगा म्हणत होतात ना त्याला, या आता बघायला! हाका आल्या होत्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दक्षिणेच्या वाटेत दगड कोण टाकून घेतो? येसबाला बंबावरून काढलं. तो शिंदीच्या दुकानात बसला होता, आग भडकल्यावर तिथून उठून धावला, अशी वदंता उठली. कुणी उठवली देव जाणे. गावाला अशा गोष्टी उठवायला माणूस लागत नाही.

चौकशी झाली त्या दिवशी मी यांना विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत?"

"मी खोटं काय सांगितलं?"

"त्याच्या तीन हाका मी ऐकल्या. तुम्हीही ऐकल्यात."

"आग एवढी असेल हे मला काय माहीत?" ते ओरडले. कधी आवाज चढवायचे नाहीत माझ्यावर. "तुला माहीत होतं? मग तू का नाही दिलीस?"

मी पदर सावरून स्वयंपाकघरात गेले.

महिनाभरानं येसबा आला. अंगणातच उभा राहिला, त्याच जागी. हे पडवीत आले.

"सायेब, नोकरी नगं मला."

"येसबा, मी बोलतो तात्यासाहेबांशी. नाक्यावर चौकीदाराची जागा आहे..."

"नगं म्हंतोय न्हवं. येक काम करा माजं. आळीत या. माझ्या बहिनीला सांगा, येसबा येळंवर आला हुता. ती माझ्या हातचं पानी घेत न्हाई, सायेब. म्हंती, मामा आसून लेकीला जाळलंस. मी सांगून सांगून दमलो. तुमी सांगा. तुमच्या तोंडून आयकंल ती."

हे खुंट्यांकडे बघत उभे होते. बुरूड आळीच्या किल्लीची खुंटी रिकामी होती, ती किल्ली आता बंबावरच असायची. ही सुधारणाही यांनीच लगेच केली होती.

"बघू," हे म्हणाले. "येतो एकदा."

येसबानं विचारलं, "कवा?"

"बघू, म्हटलं ना."

त्यानं मान हलवली आणि गेला. पुन्हा आला नाही. हेही गेले नाहीत. पहिले काही महिने मी आठवण करायचे, मग आठवण केली की हे पानावरून उठायचे, मग मी सोडून दिलं.

आता यांच्या नोकरीचं सांगते, कारण गाव तेच सांगतं. आगीनंतर थोड्याच दिवसांत नेमणूक कायम झाली. ताप खरोखरच हटला, हे नाकारून चालायचं नाही. भादव्यात मसणवटीकडे जाणारी लहान पोरांची ओळ थांबली. बायका मला वाटेत अडवून सांगायच्या, तुमच्या मालकांमुळं माझा बाळ्या वाचला हो. मी घरी येऊन यांना सांगायची. वाटायचं, तेवढंच जरा पारडं हलकं होईल. हे ऐकून घ्यायचे, चेहऱ्यावर काही नाही. पुढे गटारं बांधली, खाटीकखाना गावाबाहेर नेला, मग चीफ ऑफिसर झाले. एवढं सगळं केलं, पण म्युनिसिपालटीत जाताना बुरूड आळीवरून जवळची वाट होती तिनं कधी गेले नाहीत. बाजाराला वळसा घालून जायचे.

आणि श्राद्ध. दरसाल श्राद्ध व्हायचं. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या समोर, त्या गेल्यावर त्यांचंही. तिसरा पिंड हातात घेतला की यांचा हात थांबायचा. अंगणाकडे कान द्यायचे. भटजी म्हणायचे, "ठेवा साहेब." मग ठेवायचे. मी दरसाल समोर बसून ते पाहायची. त्या दिवशीचं जेवण आम्हा दोघांना कधी गेलं नाही.

ते निवृत्त झाले त्या वर्षी गावानं मानपत्र द्यायचं ठरवलं. नव्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला. सकाळी मी धोतर-उपरणं काढून ठेवत होते, हे आरशासमोर पगडी हातात घेऊन नुसतेच उभे.

"मी आज ते सांगणार आहे," ते म्हणाले.

काय, हे मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत 'ते' म्हणजे एकच होतं आमच्या घरात.

"सासूबाई नाहीत आता," मी म्हटलं. "त्यांना वाईट वाटायचाही प्रश्न नाही."

"आईचं नाव कशाला घेतेस?" ते पगडीच्या टोकाशी चाळा करत होते. "आईसाठी नव्हतो बसलो मी. तुला इतकी वर्षं तसं वाटत आलं, मी वाटू दिलं. पुढच्या आठवड्यात कमिटीत माझ्या नेमणुकीवर मतं घ्यायची होती. निम्मे सभासद म्हणत होते, हा धर्म बुडवणारा माणूस, याला घालवा. सखारामभट समोर बसलेला. पिंडावरून उठलो असतो तर दिवे लागायच्या आत सगळ्या गावाला कळलं असतं. तेवढ्यासाठी बसलो."

मी हातातलं उपरणं तसंच धरून राहिले. सासूबाईंना मी मनातल्या मनात किती बोल लावले होते! त्या बिचाऱ्या दोनच वाक्यं बोलल्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर मी सगळं पाप ठेवून मोकळी झाले होते. मला यांची शिसारी आली. आणि त्याच वेळी वाटलं, आज तरी बोला हो, देवा, यांना आज बोलू दे.

मांडव भरला होता. बायकांची बसायची सोय बाजूला चिकाच्या पडद्याआड. तिथून मला सगळं दिसत होतं. आणि मागे, मांडवाच्या खांबाला टेकून, येसबाही दिसला. मांडवाचे बांबू, तट्टे सगळे बुरूड आळीतून आलेले, ते बांधायलाच तो आला असणार. केस पांढरे झाले होते, पाठीला बाक आला होता.

तात्यासाहेबांनी मानपत्र वाचलं. त्यांचीही आता कवळी बसली होती, पण आवाज तोच. कर्तव्यदक्ष काय, लोकहितैषी काय, सगळी विशेषणं झाली. हार घातला. मग हे बोलायला उभे राहिले.

हार त्यांनी काढून टेबलावर ठेवला.

"या गावानं माझं फार कौतुक केलं," ते म्हणाले. "त्यातलं बरंचसं मी ठेवून घेतो. ताप गेला, ते आपण सगळ्यांनी मिळून केलं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला हे मानपत्र घेता येणार नाही. बुरूड आळीला आग लागली, त्यात हौसा नावाची मुलगी गेली. त्या दिवशी बंबाचा नाईक येसबा मोरे वेळेवर माझ्या दारी आला होता. त्यानं तीन हाका मारल्या. मी ऐकल्या. मी पिंडाला बसलो होतो, भटजी म्हणाले उठा, तरी मी उठलो नाही. लोक काय म्हणतील म्हणून उठलो नाही. चौकशीत मी अर्धं सांगितलं. दोष येसबाचा नव्हता, माझा होता. त्या मुलीचा जीव माझ्यामुळे गेला."

मी पडद्याला इतकी खेटले की चिकाच्या काड्या गालाला रुतल्या. येसबा खांबापासून सुटून सरळ उभा राहिला होता.

आणि तात्यासाहेब उठले. डोळे पाणावलेले. दोन्ही हात वर केले.

"पाहिलंत? मंडळी, पाहिलंत तुम्ही? याला म्हणतात मोठेपणा! हाताखालच्या एका गरीब माणसाच्या हातून चूक झाली. ती आज इतक्या वर्षांनी, मानपत्र घेताना, हा माणूस स्वतःच्या शिरावर घेतो आहे! असा अधिकारी देवसराला पुन्हा मिळणार नाही!"

टाळ्या. अशा टाळ्या त्या गावात मी आधी ऐकल्या नव्हत्या. हे हात हलवून सांगत होते, "नाही, तात्यासाहेब, मी खरं सांगतोय, ऐका..." कुणी ऐकत नव्हतं. माझ्या शेजारच्या मामलेदारीणबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "केवढं मन हो तुमच्या यजमानांचं!"

"येसबा आहे का इथं?" तात्यासाहेब ओरडले. "ये पुढे!"

तो नाही म्हणत होता. चार जणांनी त्याला धरून, पाठीत हात घालून पुढे आणला. "जा, पाया पड, असा साहेब मिळायला भाग्य लागतं." त्याला व्यासपीठावर चढवला. तो यांच्यासमोर उभा राहिला, आणि मग लोक बघताहेत म्हणून म्हणा, की दुसरं काही सुचलं नाही म्हणून, खाली वाकला. यांनी पाय मागे घेतले, त्याला खांद्यांना धरून उठवलं. तेव्हा येसबा त्यांच्या कानाजवळ काहीतरी बोलला. टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. कुणीतरी टेबलावरचा हार उचलून पुन्हा यांच्या गळ्यात घातला.

परत येताना टांग्यात हे रस्त्याकडे बघत होते. मानपत्राची चांदीची नळी मांडीवर आडवी. बाजार मागे पडल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

त्यांनी नळी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"म्हणाला, 'सायेब, माझी बहीन गेली. गेल्या आखाडात. शेवटपत्तुर माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई तिनं. आता ह्ये कुनाला सांगताय?'"

मग त्यांनी तोंडाला उपरणं लावलं. भर रस्त्यात, टांगेवाल्यासमोर, तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. मला वाटलं, त्यांचा हात हातात घ्यावा. पण घेतला नाही. रखमा जिवंत होती तोवर मलाही तिच्याकडे जाता आलं असतं. तीन हाका मीही ऐकल्या होत्या, आणि बुरूड आळी आमच्या घरापासून काही लांब नव्हती.